वरचे आजोबा आणि वरचे पैसे

अख्ख्या बंगळुरात वेटर लोकांचा सगळ्यांत मोठा कैवारी कोण, असं मला कोणी विचारलं तर मी अशा माणसाकडे बोट दाखवीन, ज्याने आयुष्यात एकाही वेटरला एक रुपयाची टिप दिलेली नाही. तो माणूस आमच्या डोक्यावर राहतो. तुम्ही दोघं लहानपणी सुट्टीत इथे चामराजपेटला यायचात, तेव्हा तळमजल्यावरचे ते आपले आजोबा आणि पहिल्या मजल्यावरचे ते वरचे आजोबा, ही वाटणी तुम्हीच केलीत. नाव तुम्ही अगदी सरळ मनाने ठेवलंत, पण आमच्या घरात त्यावरून आठवडाभर हसू चाललं होतं. कारण ज्या गृहस्थाने सरकारी कारखान्याच्या खरेदी खात्यात तेहतीस वर्षं काढली आणि 'वरचे पैसे' या दोन शब्दांशी जन्माचं वैर धरलं, त्यालाच तुम्ही 'वरचे' करून टाकलंत. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "चालेल. मजल्यापुरतं चालेल."

परवा व्हिडिओ कॉलवर ओवी सांगत होती, की तिकडे कॉफीच्या दुकानातल्या मुलीने यंत्राचं तोंड तिच्याकडे फिरवलं आणि पडद्याने विचारलं, टिप किती देणार, अठरा टक्के, वीस की पंचवीस? आणि त्या मुलीने तर नुसता कागदी कप पुढे सरकवला होता. मग ओवी म्हणाली, "आजी, वरचे आजोबा यावर काय म्हणाले असते?" ते काय म्हणतील हे मला तोंडपाठ आहे. पण त्यांच्या म्हणण्याचं पुढे काय झालं, ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. त्यात माझाही हात आहे. म्हणून फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा ओळीने लिहून काढते आहे.

वरच्या आजोबांचा सिद्धांत असा, की वस्तूची जी किंमत असेल ती तिच्या अंगावर लिहिलेली असावी, आणि तिच्या वर कोणी काही देऊ नये, कोणी काही घेऊ नये. हा सिद्धांत ते हॉटेलपुरता ठेवत नाहीत. भाजीवालीने भाजीवर कढीपत्त्याची काडी टाकली, तर तुम्ही-आम्ही पिशवी पुढे करतो. हे थांबतात. "अक्का, याचे किती?" ती म्हणते, "फ्री, सार." हे म्हणतात, "फ्री म्हणजे किती?" ती बिचारी आधी हसते, मग चिडते, आणि शेवटी तोंडाला येईल तो आकडा सांगते. तो आकडा देऊन वरचे आजोबा समाधानाने घरी येतात. एकदा तिने पन्नास सांगितले, तेही देऊन आले, आणि वर मला म्हणाले, "महाग आहे, पण निदान सांगितलं तरी!" रिक्षावाल्यांशी त्यांचं जमणं शक्यच नाही. इथे मीटर चालू करण्याआधीच रिक्षावाला म्हणतो, 'मीटर मेले इप्पत्तु', म्हणजे मीटरच्या वर वीस. वरचे आजोबा खिशाचं पेन काढतात आणि त्याला आपल्या मराठी वळणाच्या कन्नडमध्ये सांगतात, "मीटर कमी दाखवतं असं तुझं म्हणणं असेल, तर ये, आपण दोघं मिळून सरकारला अर्ज करू. मी मसुदा करतो, तू सही कर." रिक्षा निघून जाते. त्यामुळे वरचे आजोबा पायी फार चालतात. आज ब्याऐंशीव्या वर्षी त्यांची तब्येत ठणठणीत आहे, याचं सगळं श्रेय मी रिक्षावाल्यांना देते.

आता हॉटेलचं सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनं टिफिन हॉटेल होतं. हॉटेल अजून आहे, पण मी सांगते आहे ते होतं. बाहेर उभ्याने खाणाऱ्यांची गर्दी, आणि आत दगडी टेबलांची एक खोली, जिथे बसलं की वेटर विचारायला येतो. दर रविवारी सकाळी आठ वाजता तुमचे आजोबा, मी आणि वरचे आजोबा त्या आतल्या खोलीत जायचो. तुमचे आजोबा गेल्यावर आम्ही दोघं जात राहिलो. तिसरी खुर्ची मंजण्णा न बोलता बाजूला करून ठेवायचा. मंजण्णा म्हणजे तिथला वेटर. कुंदापूरकडचा, पन्नाशीच्या पुढचा, खांद्यावर टॉवेल आणि एका हातावर चार बशा घेऊन असा चालायचा, की पाण्याच्या पेल्याला सुद्धा कळू नये आपण निघालो म्हणून. वरच्या आजोबांच्या खोडी त्याला पाठ होत्या. इडली वड्याला शिवता कामा नये. सांबार वाटीत, पण वाटी बशीत नको, बशीच्या शेजारी. चटणी दोनदा, पण दुसऱ्यांदा विचारून. कॉफी 'बाय टू', म्हणजे एक कॉफी दोघांत, आणि दोन्ही पेल्यांत फेस सारखा. वरचे आजोबा खाली वाकून दोन्ही पेल्यांची पातळी डोळ्याने जुळवून बघायचे. मंजण्णा शेजारी उभा राहून म्हणायचा, "सरी इदिया, सार?" बरोबर आहे ना, साहेब? आणि ते जाहीर करायचे, "सरी."

खाऊन झालं, की त्यांचं व्याख्यान. "वहिनी, या डोशाच्या किमतीत काय काय आहे? तांदूळ आहे, उडीद आहे, तूप आहे, गॅस आहे, जागेचं भाडं आहे, सरकारचा कर आहे. फक्त तो टेबलापर्यंत आणून देणारा माणूस नाही. का? तो आभाळातून पडला? कारखान्यात लेथवर बसणाऱ्याच्या हातावर आपण स्क्रूमागे नाणं ठेवत होतो का? त्याला पगार होता. मग मंजण्णाचं पोट माझ्या रविवारच्या मूडवर का? मला त्या दिवशी पित्त झालं, तर त्याच्या घरी भाजी कमी?" मी म्हणायचे, "अहो भावजी, पण सगळेच देतात." यावर त्यांचं आवडतं वाक्य यायचं, "टिप आणि टिपं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. जो टिपेवर जगतो, त्याची टिपं कोणाला दिसत नाहीत." आणि असं डोळे ओलावणारं वाक्य बोलून, बिलाचे पैसे अगदी सुट्ट्यासकट बशीत ठेवून, बशीत त्याच्या वर एक छदामही न ठेवता ते उठायचे. जाताना मंजण्णाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "उत्तम! आजची चटणी पहिल्या नंबरची." मंजण्णा मान झुकवायचा. आणि बाहेर आल्यावर ते मला सांगायचे, "बघितलंत? वीस वर्षं झाली. मी त्याला एक नवा पैसा दिलेला नाही. तरी सेवा बघा. याचा अर्थ काय? माणूस काम टिपेसाठी करत नाही, कामासाठी करतो. मंजण्णा हा माझा पुरावा आहे."

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी. तो पुरावा खोटा होता. सुरुवात तुमच्या आजोबांनी केली. अगदी पहिल्या रविवारी मित्र ताठ मानेने दाराबाहेर पडला, तेव्हा तुमच्या आजोबांनी मागे राहून मंजण्णाच्या हातात नोट दिली आणि बोटाने आधी स्वतःकडे, मग दाराकडे दाखवलं: दोघांची. मंजण्णाला तेवढं पुरलं. मला ते म्हणाले, "त्याला कळू देऊ नकोस. कळलं तर एक तर त्याचं तत्त्व मोडेल, नाही तर मंजण्णाचं पोट." पुढे दर रविवारी हे चालू राहिलं. ते गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं, आणि मी ते नीट केलं, कारण मी सगळीच कामं नीट करते. बाहेर पडलं की मी दारात थांबून म्हणायचे, "अगंबाई, चष्मा टेबलावर राहिला," आणि आत जाऊन नोट देऊन यायचे. दोन महिन्यांनी माझ्या वाढदिवसाला वरच्या आजोबांनी मला चष्म्याला बांधायची काळी दोरी आणून दिली. म्हणाले, "वहिनी, विसरणं हा सवयीचा प्रश्न आहे." त्यानंतर मी छत्री विसरायला लागले. मंजण्णा छत्री आधीच हातात घेऊन उभा असायचा.

मंजण्णाने वीस वर्षांत हे वरच्या आजोबांना कधी कळू दिलं नाही. त्याच्या डोळ्यांतसुद्धा कधी दिसलं नाही. गावाकडे त्याचं घर अर्धं बांधून झालं होतं. भिंती उभ्या होत्या, स्लॅब पडायचा होता. दर वर्षी विचारलं की तो सांगायचा, "ई वर्ष, अम्मा, स्लॅब ई वर्ष." या वर्षी नक्की. तो स्लॅब आमच्यासारख्यांच्या नोटांवरच पडणार होता, हे त्याला माहीत होतं आणि मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी वरच्या आजोबांनी ठरवलं, की नुसतं बोलून उपयोग नाही, प्रयोग केला पाहिजे. ते एका रविवारी बिल देऊन उठले आणि सरळ गल्ल्यावर बसलेल्या मालकांसमोर जाऊन उभे राहिले. मी मागे. त्यांनी मालकांना सांगितलं, की टिप बंद करा, प्रत्येक पदार्थामागे दहा रुपये वाढवा, तसं पाटीवर लिहून लावा, आणि ते पैसे पगारात घाला. आणि फक्त वाढणाऱ्यांच्या नाही, सगळ्यांच्या. पहाटे चार वाजता पीठ वाटणाऱ्याला आजवर कोणी टिप दिली आहे का? मालक म्हणाले, "सार, दर वाढले तर गिऱ्हाईक समोर जाईल." तेव्हा वरच्या आजोबांनी आपला हुकमाचा एक्का काढला. मंजण्णाला हाक मारून शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "या माणसाला मी वीस वर्षांत काही दिलेलं नाही. विचारा त्याला. आणि ही अशी सेवा! टिप नसली की काम बिघडतं, असं म्हणणाऱ्यांनी याच्याकडे बघावं." मालक वीस वर्षं त्याच गल्ल्यावर बसले होते आणि त्यांच्या जागेवरून आतली खोली आरपार दिसत होती. त्यांनी मंजण्णाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातला लक्ष्मीचा फोटो फार लक्षपूर्वक पाहत होते. मालक हळूच हसले आणि म्हणाले, "सरी सार. करून बघू."

ते का तयार झाले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दर वाढवायला त्यांना एक सभ्य निमित्त हवं होतं, आणि ते आयतं चालत आलं, एवढंच. पण त्या क्षणी एक वाक्य बोलायला हवं होतं ते मीच. "भावजी, तुमची टिप मी देते." पाच शब्द. मराठी, सोपे. मी शाळेत तीस वर्षं मुलींना धीटपणे बोलायला शिकवलं, आणि मी बोलले नाही. मला वाटलं, एवढ्या लोकांसमोर त्यांची शोभा कशाला करायची; घरी गेल्यावर सांगू.

घरी गेल्यावर ते पाटीचा मजकूर तयार करायला बसले, आणि मग तर सांगायची सोयच उरली नाही, इतके ते खुशीत होते. इंग्रजी मजकूर माझ्याकडून तपासून घेतला. कन्नड मात्र मी स्वतः लिहिणार, म्हणाले. पन्नास वर्षं या गावात राहिलो ती काय उगाच? आता नीट लक्ष द्या. कन्नडमध्ये 'बेड' म्हणजे 'नको'. 'टिप्स बेड' असं लिहिलं असतं तर काम झालं असतं. पण वरच्या आजोबांना ते उद्धट वाटलं. गिऱ्हाइकांना 'नको' असं फटकन काय सांगायचं? कन्नडमध्ये शेवटी 'इ' लावली की आदर होतो, हे पन्नास वर्षांत त्यांनी शिकलेलं सर्वांत महत्त्वाचं व्याकरण. 'बा' म्हणजे ये, 'बन्नि' म्हणजे या. 'होगु' म्हणजे जा, 'होगि' म्हणजे आपण जा. तेव्हा 'बेड' म्हणजे नको, आणि 'बेडि' म्हणजे आदराने नको. त्यांनी मोठ्या ठळक अक्षरांत लिहून दिलं, 'टिप्स बेडि', आणि रंगाऱ्याने निमूटपणे रंगवलं. आणि 'बेडि' याचा कन्नडमध्ये अर्थ होतो, मागा. भीक मागतात, देवाकडे मागतात, तसं मागा.

दोन दिवस ती पाटी आतल्या खोलीत झळकली: 'टिप्स मागा'. कॉलेजची पोरं फोटो काढून गेली. नेहमीचे पेन्शनर मंजण्णाला चिडवू लागले, "मंजण्णा, माग की! पाटीवरच लिहिलंय, लाजतोस काय?" तो हात जोडून हसायचा. त्याला उत्तम वाचता येत होतं. पाटी लागली त्या क्षणी त्याने चूक पाहिली असणार. पण साहेबांनी लिहिलं आहे, म्हणून तो गप्प राहिला. रविवारी आम्ही गेलो तेव्हा मालकांनीच हळू आवाजात सांगितलं. वरचे आजोबा लाल झाले, मग पांढरे झाले, आणि म्हणाले, "मी आदरार्थी लिहिलं होतं." रंगाऱ्याने येऊन 'डि' वरचा वेलांटीचा फेरा पांढऱ्या रंगाने पुसला. तो ठिपका उरलेल्या पाटीपेक्षा जास्त पांढरा होता, त्यामुळे चूक झाकण्याऐवजी अधोरेखित झाली.  घरी आल्यावर वरचे आजोबा जिन्यापाशी थांबून म्हणाले, "वहिनी, त्या दोन दिवसांत मंजण्णाला फार लागलं असेल का हो?" मी म्हटलं, "छे, तो हसत होता." ते म्हणाले, "हसत होता म्हणूनच विचारतो."

प्रयोग सुरू झाला. त्यानंतरच्या रविवारी मी सवयीने छत्री विसरले. मंजण्णाने छत्री दिली, पण नोट घेतली नाही. डोळ्यांनी पाटी दाखवली. मी ती तशीच बशीखाली सारून बाहेर आले. आम्ही रस्ता ओलांडतो तोवर तो धावत मागून आला आणि वरच्या आजोबांच्या देखत नोट माझ्या हातात देऊन म्हणाला, "अम्मा, तुमचे सुटे राहिले." वरचे आजोबा तिथेच रस्त्यात उभे राहिले.  "वहिनी, बघा. टिप बंद झाली आणि माणूस पैसे परत द्यायला धावत आला! हे आधी कधी झालं होतं?" झालं नव्हतं, खरंच. मी नोट पर्समध्ये ठेवली. मंजण्णाने माझी लाज राखली होती आणि त्यांचा पुरावाही, आणि हे करताना त्याचं स्वतःचं तेवढं गेलं होतं.

कारण हिशेब साधा होता. वाढीव दहा रुपये सगळ्यांत वाटले गेले, पीठ वाटणाऱ्यापासून फरशी पुसणाऱ्यापर्यंत. त्यांचं भलं झालं, हे मी कधी नाकारणार नाही. पीठ वाटणारा तर वरचे आजोबा रस्त्यात दिसले की त्यांना वाकून नमस्कार करायचा. पण मंजण्णाच्या हातात आधी जे येत होतं त्याच्या निम्मंसुद्धा आलं नाही. त्या वर्षी मी स्लॅबचं विचारलं नाही. त्याहून वाईट पुढे होतं. आजवर वाढण्याचे पैसे गिऱ्हाईक परस्पर देत होतं. ते मालकांच्या वहीत कधी दिसलेच नव्हते. आता ते दर महिन्याला पगार म्हणून डोळ्यांसमोर आले. किंमत अंगावर लिहिलेली असावी, हेच वरच्या आजोबांचं म्हणणं होतं ना? ती लिहिली गेली, आणि मालकांनी ती वाचली. पेन्शनर मंडळी दर रविवारऐवजी पंधरा दिवसांनी येऊ लागली होती. पुढच्या फेब्रुवारीत मालकांनी सांगितलं, की आतली खोली बंद करून उंच टेबलं टाकतो, कूपन घ्या आणि आपलं आपण उचलून खा, दर पुन्हा जुने. वाढणाऱ्यांची गरजच राहणार नव्हती.

शेवटच्या रविवारी आम्ही गेलो. वरचे आजोबा आपल्याच विचारात इतके गढले होते, की इडली वड्याला चिकटून आली तरी त्यांना दिसलं नाही.  कॉफी झाल्यावर त्यांनी त्याला थांबवलं. म्हणाले, "मंजण्णा, एक विचारतो. खरं सांग. वीस वर्षांत मी तुला काही दिलं नाही. तुला कधी वाईट वाटलं?"

मंजण्णाने माझ्याकडे बघितलं. फार नाही, पेला उचलायला लागतो तेवढाच वेळ. ती माझी वेळ होती. मी तोंड उघडलं असतं तर त्याला ओझं उतरवता आलं असतं, आणि वरच्या आजोबांनाही कळलं असतं की आपण कशावर एवढा डोलारा उभा केला. मी माझ्या पेल्याच्या तळाशी उरलेला फेस बघत राहिले.

"यावत्तू इल्ला, सार," मंजण्णा म्हणाला. कधीच नाही. आणि त्याने दोन्ही पेले उचलले.

वरच्या आजोबांनी मान हलवली. उठताना त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मी आयुष्यात पहिल्यांदाच तसं पाहत होते. तो हात तिथे थोडा वेळ राहिला. मग त्यांनी वर पाटीकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. "उत्तम," एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "खोली गेली, ठीक आहे. पण माझा पुरावा तर गेला नाही."

तीन महिन्यांनी मंजण्णा आमच्याकडे आला. कोरमंगलाच्या एका मोठ्या रेस्टॉरंटात त्याला जागा मिळण्यासारखी होती, पण या वयाच्या माणसाला घ्यायचं म्हणजे त्यांना जुन्या गिऱ्हाइकाचं पत्र हवं होतं, इंग्रजीत. वरच्या आजोबांना मंजण्णाच्या कामी येण्याचा जो आनंद झाला, तो सांगता येत नाही. ते खाली माझ्या टेबलाशी येऊन बसले, मी लॅपटॉप उघडला, आणि ते सांगू लागले: स्वच्छता, वक्तशीरपणा, स्मरणशक्ती, चार बशा एका हातावर. मग घसा साफ करून त्यांनी शेवटचं वाक्य सांगितलं, "गेली वीस वर्षं या गृहस्थांनी माझी सेवा कोणत्याही वरच्या पैशाच्या अपेक्षेशिवाय केली, आणि याला मी साक्षी आहे."

माझी बोटं थांबली. मी म्हटलं, "भावजी, हे वाक्य गाळलं तर? पत्र जरा लांबतंय."

"तेच तर वाक्य आहे, वहिनी. बाकी सगळी भरताड. का, इंग्रजी चुकतंय का?"

"नाही. इंग्रजी बरोबर आहे."

"मग?"

मंजण्णा दाराशी खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याला नोकरी हवी होती. मी म्हटलं, "काही नाही," आणि ते वाक्य टाइप केलं. वरच्या आजोबांनी पूर्ण नाव घालून सही केली, खाली तारीख टाकली.

ओवी, तू विचारलं होतंस म्हणून सांगते. मला अजूनही वाटतं की वरचे आजोबा बरोबर आहेत. माणसाचा पगार किमतीत असावा, त्याने कोणाच्या मूडकडे डोळे लावून बसू नये. तुम्ही तिकडे मत द्यायची वेळ आली तर त्यांच्या बाजूने द्या. पण जे काय कराल ते समोरासमोर करा. आम्ही दोघांनी दयाळूपणाने वीस वर्षं पाठीमागून दिलं, आणि त्या दयाळूपणामुळे एका हुशार माणसाला कधी कळलंच नाही की जग कसं चालतं. कळलं असतं, तर त्याने प्रयोग याहून चांगला आखला असता. तेवढी अक्कल त्याला नक्की होती.

मंजण्णाला ती नोकरी मिळाली. तिथे बिलात सेवेचा आकार वेगळा लावतात म्हणे, आणि त्याशिवाय टेबलावर टिपेसाठी स्कॅन करायचा चौकोनही असतो. हे मी वरच्या आजोबांना सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात मंजण्णाचा फोन आला. मॅनेजरांनी ते पत्र सगळ्या नव्या मुलांसमोर वाचून दाखवलं, असं सांगत होता. मी कसंबसं म्हटलं, "मंजण्णा, त्यातलं शेवटचं वाक्य... ते मी तसं लिहायला नको होतं. माफ कर."

पलीकडे बशांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "बरेदिरोदु सरी इदे, अम्मा." लिहिलंय ते बरोबर आहे. मी विचारणार होते, म्हणजे काय मंजण्णा, म्हणजे मी दिलं नसतं तरीही? पण त्याला कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

त्याने ते खरं म्हणून सांगितलं की मला बरं वाटावं म्हणून, ते मला कळलेलं नाही. पण खरं असेल, तर ते वरच्या आजोबांनी ऐकायला हवं. आणि त्यांना ते सांगायचं, तर त्याआधी बाकीचं सगळं सांगायला हवं. मी फोन ठेवला आणि जिन्याशी गेले. वर त्यांचा रेडिओ चालू होता. चार पायऱ्या चढले. मग गुडघा दुखतो, असं स्वतःला सांगून उतरले.